शेवटच्या टोकाचा दाब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म आणि राजकारण या विषयांवरची व्याख्याने आपण दरसाल ऐकता. कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा साधारण समज असतो. आज आम्ही या तिहींपैकी कशावरही बोलणार नाही. आमचा विषय आहे विजेचा दाब, ज्याला आपण सगळे व्होल्टेज म्हणतो तो. हा दाब वाटेत कोठे गळतो, का गळतो आणि ती गळती शोधावी कशी, एवढेच आज सांगायचे आहे. विषय रुक्ष वाटला तरी कृपा करून कोणी उठून जाऊ नये. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या विषयाची झळ लागली नाही असे घर विरळा.

आम्ही इंजिनीयर नाही. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते रात्री, युनियनच्या कचेरीत, आयटीआयच्या पोरांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वत्ता सापडणार नाही. परंतु एक गोष्ट आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. कारखान्यात काही बिघडले की दोष कोणाच्या माथी मारला जातो आणि वास्तविक तो कोठे असतो, हे तपासणे हेच आमचे काम. विजेच्या दाबाचा अभ्यास आम्हाला करावा लागला तो याच कामापोटी.

प्रथम आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून आरंभ करू. येडगावच्या धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो. तो पारनेर, श्रीगोंदे, कर्जत ही गावे करीत पार करमाळ्याकडे जातो. लांबी सुमारे अडीचशे किलोमीटर. आवर्तन सुटले की धरणाच्या दारापाशी पाणी दुथडी भरून वाहते. पण टेलच्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्या चारीला पाणी पोहोचेल तेव्हा पोहोचेल, आणि पोहोचेल तेवढे पोहोचेल. वाटेत काही जिरले, काही उडून गेले, काही वरच्यांनी घेतले. आता समजा, पाणी किती सोडले याचा आकडा फक्त धरणाच्या दारापाशी मोजला आणि त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढला की पाणी पुरेसे होते, टेलच्याचे पीक जळाले तो त्याचाच आळस. तर आपण त्याला काय म्हणाल? जे म्हणाल ते मनात ठेवा, कारण विजेच्या बाबतीत हाच न्याय आपण रोज मुकाट्याने स्वीकारतो.

वीज तारेतून वाहते तेव्हा तार तिला थोडा अडथळा करते. याला रोध म्हणतात आणि तो ओममध्ये मोजतात. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. तारेचा रोध आणि तीतून जाणारा प्रवाह यांचा गुणाकार केला की वाटेत किती व्होल्ट पडले ते निघते. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओम याने हा नियम 1827 साली छापला. प्राथमिक शाळेतल्या पोराला करता येईल असा हा गुणाकार आहे, आणि आमच्या आजच्या व्याख्यानाला एवढे गणित पुरते.

आता शिवारात चला. डीपीपासून एक लाइन निघाली आहे आणि तिच्या टोकाशी विहिरींवर पाच-पाच अश्वशक्तीचे पाच पंप आहेत. डीपीपाशी एका फेजला 240 व्होल्ट आहेत असे धरा. तार लांब आणि जुनी, तिचा रोध एका फेजला 1 ओम. एक पंप सुमारे 8 अँपिअर घेतो. पाच मिळून 40. चाळीस गुणिले एक म्हणजे चाळीस व्होल्ट वाटेतच पडले, आणि टोकाला राहिले दोनशे. हिशेब ठोकळ आहे, पण चित्र खरे आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांत लघुदाबाच्या ग्राहकाला ठरीव दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक फरकाने वीज देऊ नये असे बंधन घातलेले होते. आमच्या उदाहरणातली घट सोळा टक्क्यांच्या वर जाते.

पुढची गोष्ट अधिक वाईट आहे. दाब कमी झाला म्हणून मोटर आपले काम कमी करीत नाही. पाणी तेवढेच वर चढवायचे असते. सबब ती प्रवाह जास्त ओढते. प्रवाह वाढला की तारेत आणखी दाब पडतो, दाब पडला की मोटर आणखी ओढते. अखेरीस वाइंडिंग तापते आणि जळते. मग मोटर भरून देणारा म्हणतो, मोटर हलकी होती. वायरमन म्हणतो, शेतकऱ्याने स्टार्टरशी खेळ केला. शेतकरी म्हणतो, नशीब खोटे. वायरमन रात्री पंप बंद असताना डीपीपाशी आणि टोकाशी मीटर लावतो, दोन्हीकडे 240 दिसतात, आणि प्रकरण मिटते. पाटाचे पाणी कोणी घेतच नसेल तेव्हा पातळी सगळीकडे सारखीच असणार! पंप बंद असताना प्रवाह शून्य आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे आपल्या तालुक्यांत किती मोटरी पुन्हा पुन्हा भरल्या गेल्या असतील, याची कल्पना आपण करावी.

येथवर सर्वांच्या परिचयाचे होते. आता याच तालुक्यातल्या दुसऱ्या टोकाकडे वळू. नारायणगावाजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांना घेऊन ती पाहिली असेल. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. प्रत्येक तबकडीकडून दोन अशा साठ संदेशधारा काचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. तेथे प्रत्येक तबकडीची प्रत्येक तबकडीशी सांगड घालायची असते. तीस तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहता येई. गेल्या दशकात झालेल्या सुधारणेनंतर तो 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेला. एवढा पट्टा टिपायचा म्हणजे प्रत्येक धारेचे सेकंदाला ऐंशी कोटी नमुने घ्यायचे. जून 2023 मध्ये विश्वातल्या अतिमंद गुरुत्वलहरींच्या खुणा जगापुढे मांडल्या गेल्या, त्यांत युरोपातल्या दुर्बिणींच्या जोडीला खोडदच्या नोंदींचाही भाग होता.

हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु आमचा मुद्दा पुढचा आहे. ही अफाट गणिते करतात कोण? लहानशा बोर्डांवर दाटीवाटीने बसवलेल्या चिपा. आणि त्या चिपांना वीज लागते ती 240 व्होल्टची नव्हे, 12 चीही नव्हे, तर सुमारे 1 व्होल्टची. दाब एवढासा, पण प्रवाह वीस, चाळीस, कधी शंभर अँपिअर! म्हणजे एका पोस्टकार्डाएवढ्या बोर्डात पाच पंपांच्या लाइनीइतका प्रवाह वाहतो. खोडदसारख्या ठिकाणी असो, मोबाइलच्या मनोऱ्यावर असो की मोटारगाडीच्या डोक्यात असो, अशा बोर्डाची रचना करणाराला आपल्या शिवारातल्याच लाइनीचा हिशेब, हजारपटीने लहान करून, मांडावा लागतो.

लहान म्हणजे किती लहान ते पाहा. 1 व्होल्टवर चालणाऱ्या चिपेला साधारणतः पाच टक्के फरक सोसतो. म्हणजे 0.95 व्होल्टच्या खाली दाब गेला की तिचा भरवसा संपला. ती जळत नाही, धूर काढत नाही. ती गणित चुकते, किंवा मध्येच स्तब्ध होते. पन्नास मिलिव्होल्टची, व्होल्टाच्या विसाव्या हिश्शाची ही चैन. बोर्डातले तांबे एका थरात सुमारे 35 सहस्रांश मिलिमीटर जाड असते. एवढ्या पातळ पत्र्याचा कोणताही चौरस कापून घ्या, लहान असो वा मोठा, त्याच्या समोरासमोरच्या कडांमधला रोध सुमारे अर्धा मिलिओम भरतो. असे चार चौरस एकापुढे एक आले की दोन मिलिओम झाले. त्यातून 20 अँपिअर गेले की चाळीस मिलिव्होल्ट पडले. पन्नासांतले चाळीस एका वळणावरच संपले!

आता आमच्या अनुभवातली हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी हकीकत पुष्कळ ठिकाणी घडते. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत कामाला गेला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा होऊन हुतात्मा झाला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचेच नाव आहे. त्याच्या काळी आपल्या भागातली माणसे गिरणीत जात. आज त्यांची नातवंडे-पतवंडे चाकण-रांजणगावच्या बाजूला कारखान्यांत जातात, आणि त्यांत मुलींची संख्या मोठी आहे. अशाच एका कारखान्यात बोर्ड जोडण्याचे काम चाले. बहुतेक भाग यंत्र बसवी. मोठे कनेक्टर आणि जाड तारा हाताने सोल्डर केल्या जात. त्या लाइनीवर जुन्नर-आंबेगावकडच्या मुली आणि बाया होत्या.

एका नव्या बोर्डाची तक्रार येऊ लागली. टेबलावर तपासले की बोर्ड उत्तम चाले. पूर्ण कामाला लावले की काही वेळाने स्तब्ध होई. वरच्या मंडळींनी निदान केले: सोल्डरिंग कच्चे. सात जणींना नोटिसा मिळाल्या, त्यांच्या पगारातून नुकसानीची रक्कम कापली गेली. युनियनच्या सभेत यावर पुष्कळ बोलणे झाले. सर्वांत उपयोगाचे बोलली ती घोडेगावकडची एक बाई. ती म्हणाली, "दादा, आम्ही सातजणी. एकीचा हात जड, एकीचा हलका. कोणी सकाळपाळी, कोणी रात्रपाळी. मग चूक सगळ्या बोर्डांना सारखीच कशी लागली? चूक हाताची असती तर एकेका बोर्डाला एकेक रोग झाला असता."

श्रोतेहो, निदानशास्त्राचा हा पहिला सिद्धांत आहे, आणि तो आम्ही कोणत्याही पुस्तकात यापेक्षा स्पष्ट शब्दांत वाचलेला नाही. हाताचा दोष विखुरलेला असतो. तो आज येथे, उद्या तेथे दिसतो. जो दोष प्रत्येक नगावर त्याच जागी, त्याच मापाने दिसतो, तो हाताचा नसतो. तो रचनेचा असतो. कच्चे सोल्डरिंग होत नाही असे आमचे म्हणणे नाही. होते, आणि त्याची जबाबदारी कामगाराने घेतलीच पाहिजे. पण कच्चा डाग असला तर त्या एका डागावरच दाब पडलेला मीटरवर दिसतो. शेजारच्या बोर्डावर तो डाग पक्का असतो. तेव्हा मोजून पाहिल्यावाचून बोलू नये.

आम्ही एवढीच मागणी केली की शिक्षेआधी मोजणी व्हावी, आणि ती चिपेच्या पायांवर, बोर्ड पूर्ण कामावर असताना व्हावी. बरीच ताणाताण होऊन मागणी मान्य झाली. तेथल्या एका तरुण इंजिनीयराने मोजणी मनापासून केली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरपाशी दाब होता 1.00 व्होल्ट. चिपेच्या पायांवर होता 0.93. सत्तर मिलिव्होल्ट वाटेत नाहीसे झाले होते. टेबलावरच्या तपासणीत बोर्ड फक्त 2 अँपिअर घेई, तेव्हा घट होई सात मिलिव्होल्टची; कामावर तो 20 अँपिअर घेई, तेव्हा घट बरोबर दसपट. रात्री पंप बंद असताना डीपीपाशी उभा राहणारा वायरमन आणि ही टेबलावरची तपासणी, यांत काडीचा फरक नाही.

आता ही गळती शोधायची कशी? मीटर ओमवर लावून रोध मोजावा असे कोणाच्याही मनात येईल. परंतु मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधच बोर्डाच्या रोधापेक्षा शंभरपट असतो. काही कळत नाही. रोध मोजू नये, प्रवाह चालू ठेवून पडलेला दाब मोजावा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा. एक टोक रेग्युलेटरच्या पायाशी स्थिर धरायचे, दुसरे टोक वाटेने पुढे पुढे सरकवीत न्यायचे आणि प्रत्येक मुक्कामी आकडा लिहून घ्यायचा. जेथे आकडा उडी मारतो तेथे गळती. साध्या मीटरने हे काम होते. पाटकरी चारीच्या कडेने चालत फुटलेली जागा शोधतो, तसेच हे.

आणि एक वाट विसरू नये. वीज जाते तशी परतही येते. जाणाऱ्या वाटेवर जितके लक्ष, तितकेच परतीच्या वाटेवर, ज्याला ग्राउंड म्हणतात तिच्यावर, द्यावे लागते. पुष्कळ जण ग्राउंड म्हणजे शून्य असे धरून चालतात. शून्य ते फक्त कागदावर असते.

मोजणीचा निकाल असा आला. जाणाऱ्या वाटेवर, एका मोठ्या कनेक्टरच्या खाली, चाळीस मिलिव्होल्ट. परतीच्या वाटेवर अठरा. थरांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक छिद्रांत बारा. चाळीस, अठरा आणि बारा मिळून सत्तर. बेरीज जुळली. आमच्या मते बेरीज जुळेपर्यंत तपास पुरा झाला असे मानू नये. जुळली नाही तर कोठेतरी एक गळती अजून लपलेली असते. त्या कनेक्टरखाली काय होते? कनेक्टरच्या पायांसाठी पाडलेल्या छिद्रांच्या रांगेने वीज नेणाऱ्या तांब्याच्या थराची चाळणी केली होती. चित्रात तो पत्रा रुंद दिसे. वास्तविक प्रवाहाला मधल्या अरुंद गळ्यातूनच जावे लागे. सात जणींपैकी एकीनेही तो गळा पाहिलेला नव्हता. तो बोर्डाच्या पोटात होता.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. रेग्युलेटरला आपला दाब तपासण्यासाठी एक बारीक वाट दिलेली असते. ती जेथे जोडावी, तेथल्या दाबाकडे पाहून तो कमीजास्त करतो. या बोर्डात ती वाट रेग्युलेटरच्या स्वतःच्याच दाराशी जोडली होती. तेव्हा त्याला सदैव 1.00 दिसे आणि तो स्वस्थ राही. टोकाला 0.93 उरले आहेत हे त्याला कळण्याचा मार्गच ठेवलेला नव्हता. हे वाक्य आम्ही फक्त बोर्डापुरते बोलत नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

उपाय झाले. तपासाची वाट चिपेच्या पायांशी नेली. पण तेवढ्यावर भागत नाही. टोकाकडे पाहून सुरुवातीला दाब वाढवला, तरी गळा तेवढाच अरुंद राहतो आणि तेथे उष्णता होतच राहते. चाळीस मिलिव्होल्ट आणि 20 अँपिअर म्हणजे जवळजवळ एक वॉट, एका नखाएवढ्या जागेत. गावातही टोकाला दाब पोहोचावा म्हणून नुसता डीपीचा टॅप वाढवला तर जवळच्या घरांतले दिवे जळतात. म्हणून गळ्यावरून तांब्याची पट्टी जोडून दिली, आणि पुढच्या बोर्डात छिद्रांची रांग हलवून तांबे वाढवले. ती पट्टी सोल्डर करण्याचे काम त्याच बायांनी केले, आणि त्यांच्या हातचा एकही बोर्ड परत आला नाही. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. कापलेला पगार मिळायला आणखी दोन महिने लागले. सातांतल्या दोघी तोवर अपमान सहन न होऊन काम सोडून गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत.

येथे एक शंका निघेल. मीटरवर दाब पुरेसा दिसूनही बोर्ड चुकतो, असे होत नाही काय? होते. ती गळतीची दुसरी जात. चिप एका क्षणी स्वस्थ असते आणि पुढच्या क्षणी, सेकंदाच्या कोट्यंश भागात, एकदम प्रवाह मागते. धरणाचे दार उघडले तरी पाणी टेलला पोहोचायला वेळ लागतो. तसेच तांब्याच्या वाटेलाही प्रवाह एकाएकी वाढवणे जमत नाही. तेवढ्या क्षणापुरता दाब बसतो आणि पुन्हा उठतो. मीटर सरासरी दाखवतो, त्याला ही बैठक दिसत नाही. ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि त्याची ग्राउंडची तार अगदी आखूड, चिपेच्या पायालगत लावावी लागते. लांब तार लावली तर तिचाच गोंधळ पडद्यावर दिसतो.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. विहीर लांब असली तर आपण अंगणात टाकी बांधतो, मोरीत हंडा ठेवतो आणि हाताशी तांब्या ठेवतो. तहान लागली की प्रथम तांब्या, मग हंडा, मग टाकी, आणि शेवटी विहीर. बोर्डावर कपॅसिटर नावाचे भाग असतात ते हेच काम करतात. रेग्युलेटरजवळ मोठे, वाटेत मध्यम, आणि चिपेच्या अगदी पायांशी बारीक. तांब्या हाताशी हवा. तो अंगणात ठेवला तर उपयोग नाही. आणखी एक खबरदारी. काही चिनीमातीचे बारीक कपॅसिटर दाबाखाली आले की आपली साठवण निम्म्याहून अधिक गमावतात. 16 व्होल्टचा म्हणून घेतलेला लहान आकाराचा नग 12 व्होल्टवर लावला, तर कागदावरची साठवण प्रत्यक्षात मिळत नाही. खरेदीखाते स्वस्त आणि लहान नग आणते, आकडा तोच छापलेला असतो, आणि दोष पुन्हा सोल्डरिंगवर येतो. भांड्यावर लिहिलेल्या मापाने तहान भागत नाही, आत पाणी किती आहे त्याने भागते.

मग मुळातच गळती कमी करण्याची युक्ती कोणती? शिवारात आणि बोर्डात ती एकच आहे. दाब चढा ठेवून वीज शक्य तितक्या टोकापर्यंत न्यावी आणि तेथे उतरवावी. तीच शक्ती 415 व्होल्टऐवजी 11,000 व्होल्टवर नेली, तर प्रवाह सुमारे साडेसव्वीसपट कमी होतो, आणि त्याच तारेतली उष्णतेची नासाडी त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे सातशेपट कमी होते. कृषिपंपांसाठी उच्चदाब वीजवितरणाची जी पद्धत आपल्याकडे काही ठिकाणी आली, एका-दोन पंपांना एक लहान डीपी, तिचे मर्म हेच. बोर्डावरही 1 व्होल्टचा प्रवाह लांबून आणीत नाहीत. 12 किंवा 48 व्होल्ट चिपेच्या शेजारापर्यंत आणतात आणि तेथे रेग्युलेटर बसवतात. जे द्यायचे ते टोकाजवळ जाऊन द्यावे, एवढाच याचा अर्थ.

आता समारोपाकडे येतो. आमची मागणी मोठी नाही. ज्या कारखान्यात बोर्ड होतात तेथे तपासणीच्या कागदावर एक रकाना वाढवावा: पूर्ण कामावर असताना, शेवटच्या चिपेच्या पायांवर किती व्होल्ट होते. हा रकाना भरल्याशिवाय कोणाही कामगारावर दोषारोप करू नये. मोजणीच्या वेळी त्या कामगाराला मीटर पाहू द्यावा. आपल्या गावात, ज्यांचे पंप लाइनीच्या टोकाला आहेत त्यांनी जाणत्या वायरमनकडून, पंप चालू असताना, पंपापाशी आणि डीपीपाशी एकाच वेळी दाब मोजून घ्यावा. तारीख, वेळ आणि चालू पंपांची संख्या यांसह वहीत लिहून ठेवावा. उघड्या तारांना स्वतः हात लावू नये. माणसाच्या जिवापुढे मोटरीची किंमत काही नाही. अशी एका हंगामाची वही घेऊन दहा शेतकरी कचेरीत गेले, तर त्यांना नशिबाची गोष्ट कोणी सांगू शकणार नाही. आणि आयटीआयला जाणारा मुलगा किंवा मुलगी ज्या घरात आहे, त्या घराने एक बरा मीटर विकत घ्यावा. मंगळसूत्राइतका तो महाग नसतो आणि घराची अब्रू राखायला पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो.

दाब टोकाला पडतो, म्हणून दोष टोकाचा आहे असे मानण्याची सवय फार जुनी आहे. ती सवय मोजणीने मोडते. भाषणाने मोडत नाही. म्हणून भाषण येथेच थांबवतो. ज्यांना मीटर धरायला शिकायचे असेल, त्यांनी दर रविवारी सकाळी आमच्या कचेरीत यावे. ती घोडेगावची बाई तेथे शिकवते.